नभोवाणी आणि गावचा आवाज

बेळगावात आमच्या घरी माझ्या लहानपणी एक जुना, लाकडी पेटीचा रेडिओ होता. आजोबांनी तो विकत घेतला त्या काळी नुसते ऐकण्यासाठीदेखील सरकारी परवाना लागत असे. दरवर्षी पोस्टात जावयाचे, ठरलेली रक्कम भरावयाची आणि परवान्याच्या लहानशा पुस्तकावर शिक्का मारून घ्यावयाचा. ती पद्धत पुढे बंद झाली, आजोबाही गेले. परंतु ते पुस्तक आजीने कपाटात जपून ठेवले होते. सायंकाळची जपमाळेची प्रार्थना आटोपली की ती रेडिओ लावी. कधी सांगली, कधी पणजी, कधी धारवाड, जे स्वच्छ लागेल ते केंद्र. एकदा मी तिला विचारले, "आजी, ह्या लोकांचे आपण रोज ऐकतो, पण आपण बोललेले त्यांना ऐकू जाते का गं?" आजी हसली आणि कपाटाकडे बोट दाखवून म्हणाली, "परवाना ऐकण्याचा होता रे बाळा, बोलण्याचा नव्हता."

पुढे शाळेत इतिहास शिकवू लागल्यावर आजीचे ते वाक्य मला पुनःपुन्हा आठवू लागले. आपल्या देशातील नभोवाणीचा सारा इतिहास त्या एका वाक्यात सामावलेला आहे, असे मला वाटते. बोलण्याचा परवाना कोणाला होता, कोणाला नव्हता, तो कोणी मागितला, कोणी न मागताच घेतला आणि अखेर तो किती मिळाला, हीच हकीकत आज आपणांपुढे ठेवावयाची आहे.

हिंदुस्थानात नियमित नभोवाणीचा आरंभ झाला तो मुंबईत, २३ जुलै १९२७ रोजी. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ह्या खाजगी मंडळीने उभारलेल्या त्या केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन ह्यांनी केले. पुढच्याच महिन्यात कलकत्त्याचे केंद्र सुरू झाले. प्रक्षेपकाची शक्ती अवघी दीड किलोवॅट. तिची नीट पोहोच सुमारे तीस मैलांची. त्या वर्षअखेर साऱ्या देशात परवानाधारक श्रोते साडेतीन हजारांच्या आसपास होते. ह्या श्रोत्यांत युरोपीय साहेब, संस्थानिक व धनिक व्यापारी ह्यांचाच भरणा असणार हे उघड आहे. कारण रेडिओ यंत्र ही सामान्यांच्या खिशाला परवडणारी वस्तू नव्हती. कंपनी चालली नाही. १९३० मध्ये ती बुडाली आणि कारभार सरकारने हाती घेतला. १९३६ च्या जूनमध्ये त्याला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले.

ह्याच सुमारास संस्थानांतूनही काही प्रयत्न झाले. म्हैसूर येथील मानसशास्त्राचे प्राध्यापक गोपालस्वामी ह्यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरात एक लहानसे केंद्र उभारले व त्याला 'आकाशवाणी' असे नाव दिले. तेच नाव पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीने घेतले. एका शिक्षकाच्या घरातून निघालेला शब्द देशाचा झाला, ह्याचा आम्हां शिक्षकांना थोडासा अभिमान वाटला तर तो क्षम्य मानावा. हैदराबादेत निजामाचा डेक्कन रेडिओ होता आणि त्याची एक शाखा औरंगाबादेस होती. ह्या डेक्कन रेडिओवरून १७ सप्टेंबर १९४८ रोजी खुद्द निजामाला शरणागतीची घोषणा करावी लागली, हे हैदराबादेतील जुन्या मराठी कुटुंबांत आजही सांगितले जाते. ज्या यंत्रावरून आजवर सत्तेने प्रजेला ऐकविले, त्याच यंत्रावरून सत्ता संपल्याचे प्रजेने ऐकले. तथापि ऐकणारा तो ऐकणाराच राहिला. बोलणारा मात्र बदलला.

स्वातंत्र्य मिळाले त्या वेळी भारताच्या वाट्याला सहा केंद्रे आली. पुढील काही वर्षांत नागपूर, बडोदे, पुणे, इंदूर अशी केंद्रे निघाली आणि नभोवाणी खऱ्या अर्थाने लोकांच्या घरात शिरली. ह्या काळातील आकाशवाणीने लोकजीवनाची जी सेवा केली तिला तोड नाही. मुंबई केंद्रावरील 'प्रपंच'मालेतील टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत ही मंडळी घराघरांतील नातलगच होऊन बसली होती. महागाई, पाहुणे, मुलांचे शिक्षण, शेजाऱ्यांची कुरबूर, म्हणजे तुमच्या आमच्या संसारातील नित्याच्या गोष्टी त्यांच्या तोंडून आपल्याला ऐकू येत. इंदूर केंद्रावरील नंदाजी आणि भेराजी ह्यांचे माळवी बोलीतील संभाषण माळव्यातील खेड्यापाड्यांत तितक्याच आवडीने ऐकले जाई. इंदूरचे मराठी श्रोतेही त्यात रमत. आपली बोली रेडिओवर ऐकू येते, म्हणजे ती बोलण्यात लाज वाटण्याजोगे काही नाही, एवढा धडा जरी त्या कार्यक्रमांनी शिकविला असला तरी ती मोठीच कामगिरी म्हणावी लागेल.

पण टेकाडे भावजी काय, नंदाजी काय, त्यांचे बोलणे लेखकाने लिहिलेले आणि केंद्राने तपासलेले असे. प्रत्यक्ष शेतकऱ्याने, प्रत्यक्ष गृहिणीने आपल्या मनातील प्रश्न विचारावा आणि त्याला उत्तर मिळावे, असे कधी झाले काय? झाले, आणि ते प्रथम आपल्या मराठी मुलुखातच झाले.

१९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग हाती घेतला. कॅनडातील शेतकऱ्यांसाठी १९४१ पासून अशी श्रवणमंडळे चालत होती. त्यांचा आदर्श येथे घेतला होता. मराठी भाषिक पाच जिल्ह्यांतील दीडशे गावे निवडण्यात आली. प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचे एक मंडळ स्थापन झाले. आठवड्यातून दोन वेळा, अर्धा अर्धा तास, असे दहा आठवडे वीस कार्यक्रम प्रसारित झाले. मंडळाने एकत्र बसून कार्यक्रम ऐकावयाचा, तो संपल्यावर त्यावर चर्चा करावयाची, काय करता येण्यासारखे आहे ते ठरवावयाचे आणि आपले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवावयाचे. त्या प्रश्नांची उत्तरे पुढील कार्यक्रमातून दिली जात. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने ह्या प्रयोगाची पाहणी केली. ज्या गावांत मंडळे होती तेथील लोकांच्या माहितीत भरघोस वाढ झालेली दिसली. ज्या गावांत नुसता रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे ती वाढ पुष्कळच कमी होती.

श्रोतेहो, ह्या निष्कर्षाकडे आपण नीट लक्ष द्यावे. फरक रेडिओने पडला नाही. रेडिओ तर दोन्हीकडे होता. फरक पडला तो ऐकल्यावर बोलण्याने. वर्गात मी तास तास बोलत राहिलो तर मुले माना डोलावतात आणि विसरून जातात. त्यांनाच प्रश्न विचारू दिले तर तो धडा त्यांच्या मनात राहतो. हा प्रत्येक शिक्षकाचा अनुभव आहे. दीडशे गावांनी तोच अनुभव नभोवाणीच्या बाबतीत सिद्ध करून दाखविला. हा उपक्रम १९५९ मध्ये देशभर नेण्यात आला. परंतु जसजसा तो पसरला तसतसा त्यातील जिव्हाळा कमी होत गेला आणि कालांतराने तो मागे पडला.

ह्या प्रयोगाला आणखी एक मर्यादा होती. तीही प्रांजळपणे सांगितली पाहिजे. मंडळांचे विषय शेती, आरोग्य, शिक्षण, ग्रामव्यवस्था असे आधीच ठरविलेले होते. ते १९५६ साल कसले होते हे आपणांस ठाऊकच आहे. त्याच वर्षी १६ जानेवारीस पंडित नेहरूंनी नभोवाणीवरून मुंबई शहर केंद्राच्या कारभाराखाली ठेवण्याचा निर्णय जाहीर केला आणि मुंबईत आगडोंब उसळला; गोळीबारात माणसे पडली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना अमलात आली व बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. आमच्या आजोबांच्या पिढीने हा निर्णयदेखील रेडिओवरच ऐकला. खताविषयी प्रश्न विचारण्याची मुभा होती. आपण कोणत्या राज्यात राहावयाचे ह्याविषयी ह्या यंत्रातून बोलण्याची मुभा नव्हती. ज्या प्रश्नाने घराघरांत चूल थंडावली होती, त्या प्रश्नावर नभोवाणीतून एकच आवाज येत होता आणि तो दिल्लीचा होता. हा दोष त्या वेळच्या कोणा एका अधिकाऱ्याचा नव्हे. नभोवाणीची घडणच तशी होती.

आता बेळगावहून घाट उतरून गोव्याकडे वळू. बोलण्याचा परवाना न मागता बोलण्याचा हक्क बजावणाऱ्यांचा इतिहास तेथे घडला. परवान्याशिवायचे प्रक्षेपण ही गोष्ट आपल्याकडे नवी नव्हती. १९४२ च्या चळवळीत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी ह्यांनी मुंबईत जागा बदलत बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला होता. नोव्हेंबरमध्ये तो पकडला गेला. गोव्यातील प्रसंग त्याहून दीर्घ होता. पणजीस १९४६ पासून 'एमिसोरा द गोवा' हे पोर्तुगीज सरकारचे केंद्र होते. वृत्तपत्रांवर कडक नियंत्रण होते. सभांना बंदी होती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सीमा ओलांडून शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज सैनिकांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर काही महिन्यांतच, २५ नोव्हेंबर १९५५ रोजी, आंबोलीच्या रानातून एक नवा आवाज लघुलहरींवर ऐकू येऊ लागला. तो पोर्तुगीज भाषेतही होता आणि कोकणीतही. त्याचे नाव 'स्वातंत्र्याचा आवाज'.

हे केंद्र चालविले वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ह्या दोन तरुण गोवेकरांनी. एक हिंदू, एक ख्रिस्ती. गोवा हा आपल्या देशाचाच एक प्रांत आहे आणि तेथील ख्रिस्ती प्रजा आपल्याच बाजूची आहे, असा धोशा सालाझारचे सरकार जगापुढे लावीत होते. त्या प्रचाराला ह्या दोघांच्या एकत्र आवाजाइतके सणसणीत उत्तर दुसरे नव्हते. रानातील पाऊस, जळवा, साप, एकांत हे सारे सोसून त्यांनी हे काम केले. पुढे केंद्र आंबोलीहून कॅसलरॉकच्या बाजूस हलविण्यात आले. गोव्याच्या वृत्तपत्रांत जे छापता येत नसे, जगात वसाहतींच्या विरुद्ध जे चालले होते, ते गोव्यातील माणूस दारे-खिडक्या लावून, आवाज अगदी लहान करून ऐकत असे. असे जवळजवळ सहा वर्षे चालले.

१९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात शिरले, तेव्हा पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरण यावे असे आवाहन ह्याच केंद्रावरून करण्यात आले. १८ डिसेंबरला भारतीय विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केले. १९ तारखेस गोवा मुक्त झाला. त्या दिवशी लिबिया लोबो व वामन सरदेसाई ह्यांनी विमानात ध्वनिवर्धक घेऊन गोव्याच्या आकाशातून मुक्ततेची वार्ता लोकांना सांगितली. 'आकाशवाणी' हा शब्द इतक्या यथार्थतेने क्वचितच वापरता येईल. पुढे दोघे विवाहबद्ध झाले. श्रीमती लिबिया लोबो सरदेसाई ह्यांना २०२५ साली, वयाची शंभरी पुरी केल्यावर, पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. १९६२ च्या जानेवारीत पणजी केंद्र आकाशवाणीच्या ताब्यात सुरू झाले आणि रानातला आवाज थांबला; त्याचे कार्य झाले होते.

येथे मनात एक विचार आल्यावाचून राहत नाही. परक्या सत्तेखाली ज्यांनी प्राण धोक्यात घालून बोलण्याचा हक्क बजावला, त्यांच्या गावांना स्वातंत्र्यानंतर तरी स्वतःचे केंद्र काढता येत होते काय? येत नव्हते. १८८५ चा भारतीय तार कायदा अद्याप लागू होता. तारायंत्रे उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार सरकारचा, असे तो कायदा म्हणत असे. आणि बिनतारी प्रक्षेपणही त्यातच मोडे. मार्कोनीने बिनतारी संदेश पाठविण्यापूर्वीच केलेल्या ह्या कायद्याने स्वतंत्र भारताच्या आकाशावर पुढेही दीर्घकाळ राज्य केले.

ही कोंडी फुटली ती एका क्रिकेटच्या सामन्यावरून. १९९३ साली बंगालच्या क्रिकेट संघटनेने हीरो चषकाचे सामने प्रक्षेपित करण्याचे हक्क एका परदेशी कंपनीला दिले; सरकारने हरकत घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी त्याचा निकाल लागला. निकालपत्र लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, ही मराठी माणसाला आनंदाची गोष्ट. वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू नये आणि खाजगी धनिकांचीही असू नये. लोकहिताच्या दृष्टीने तिचे नियमन स्वायत्त अशा सार्वजनिक संस्थेने करावे, असा त्या निकालाचा आशय होता. नदीचे पाणी, गावचे गायरान, तशाच ह्या लहरी. खेळाच्या मैदानावरून निघालेले भांडण खेड्यातल्या चावडीपर्यंत येऊन पोहोचले ते असे.

निकाल लागला म्हणून परवाने लगेच मिळाले नाहीत. परंतु लोकांनी वाट पाहत हातावर हात ठेवूनही काढले नाहीत. कच्छमधील स्त्रियांच्या संघटनेने १९९९ साली आकाशवाणीच्या भूज केंद्रावर वेळ विकत घेऊन कच्छी बोलीत एक मालिका सुरू केली; पंचायतीत निवडून आलेल्या बायकांना कोणकोणत्या अडचणी येतात, हे त्यात मोकळेपणाने मांडले जाई. कर्नाटकात कोलारजवळील बुदिकोटे येथे लोकांनी आणखी वेगळी युक्ती काढली. लहरींना परवाना नाही ना? मग तारेतून ऐकवू, असे म्हणून त्यांनी दूरचित्रवाणीच्या केबलमधून आपले कार्यक्रम घरोघर पोहोचविले. सरकारने प्रथम शिक्षणसंस्थांना मुभा दिली आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. पुढे १६ नोव्हेंबर २००६ च्या धोरणाने लोकसंस्थांनाही दार उघडले.

ह्या दारातून आत आलेल्यांपैकी एकीची हकीकत सांगतो. हैदराबादहून सोलापूरकडे येणाऱ्या हमरस्त्यावर जहीराबाद लागते. त्या परिसरातील पस्तापूर येथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था अल्पभूधारक, बहुतांशी दलित अशा शेतकरी स्त्रियांमध्ये काम करते. गावोगावी त्यांचे 'संघम', म्हणजे मंडळ, असते. ह्या स्त्रियांनी १९९८ च्या सुमारास ध्वनिमुद्रण शिकून घेतले. परवाना नव्हता, म्हणून त्यांनी फिती तयार करून त्या संघमच्या बैठकीत वाजवावयाच्या आणि मग त्यावर बोलावयाचे, असा क्रम ठेवला. असे त्यांनी एक दोन नव्हे, जवळजवळ दहा वर्षे केले. अखेर १५ ऑक्टोबर २००८ रोजी माचनूर गावी त्यांचे 'संघम रेडिओ' हे केंद्र सुरू झाले, आणि त्याचे उद्घाटन करावयास आले न्यायमूर्ती सावंत! ज्यांनी लहरी लोकांच्या आहेत असे निकालपत्रात लिहिले, त्यांनीच त्या लहरी लोकांच्या हाती दिल्या.

केंद्राचे काम पाहणाऱ्या दोन्ही स्त्रियांचे नाव नरसम्मा. म्हणून एकीला गावकरी 'जनरल नरसम्मा' म्हणतात. ज्वारी, नाचणी, राळा ह्यांसारखी कोरडवाहू पिके, घरचे बियाणे कसे राखावे, बाळंतिणीला काय द्यावे, जात्यावरची गाणी, गावचे सण, असा त्यांचा विषय. भाषा तेलुगूच, पण त्या भागाच्या बोलीतली, पुस्तकी नव्हे. शंभर वॅटची शक्ती आणि आसपासच्या खेड्यांपुरती पोहोच. १९२७ च्या मुंबई केंद्राच्या मानाने हे केंद्र म्हणजे पणती. परंतु त्या पणतीच्या उजेडात ज्यांचे चेहरे दिसतात, ते मुंबईच्या केंद्राला त्या वेळी कधीच दिसले नव्हते.

आपल्या महाराष्ट्रातही हा वसा घेतलेला आहे. सातारा जिल्ह्यातील माण तालुका म्हणजे अवर्षणाचा प्रदेश. त्या तालुक्यातील म्हसवड येथे 'माणदेशी तरंग वाहिनी' २००८ साली सुरू झाली. दुष्काळ, चारा, बाजार, बायकांचे लहानसहान धंदे हे सारे माणदेशी बोलीत तेथे बोलले जाऊ लागले. अशा केंद्रांनी निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांकडून तयार करून घ्यावेत आणि शक्यतो स्थानिक भाषेत वा बोलीत करावेत, असे २००६ च्या धोरणानेच सांगितले. आजीचा प्रश्न येथे थोडाबहुत सुटला, असे म्हणावयास हरकत नाही.

थोडाबहुत म्हणतो, पुरता नव्हे. कारण त्याच धोरणात एक अट होती. ह्या केंद्रांनी बातम्या व चालू घडामोडी आपल्या म्हणून प्रसारित करावयाच्या नाहीत. खाजगी एफ. एम. केंद्रे २००१ पासून निघाली. त्यांनाही स्वतःच्या बातम्यांची मनाई होती. २०११ च्या धोरणाने त्यांना वाहतूक, हवामान, पाणी व वीजपुरवठ्याच्या सूचना, परीक्षा, स्थानिक खेळ अशा गोष्टी सांगण्यास मोकळीक दिली. कारण ह्या 'बातम्या नव्हेत' असे ठरविले. म्हणजे पाणी उद्या येणार नाही हे सांगावयाचे. का येणार नाही हे विचारू लागलात की ती बातमी झाली! वृत्तपत्र काढणाऱ्याला जे स्वातंत्र्य आहे, ते गावच्या नभोवाणीला नाही. ज्याला वाचता येते त्याला एक न्याय आणि ज्याला केवळ ऐकता येते त्याला दुसरा, असाच ह्याचा अर्थ होतो.

आता ह्याची दुसरी बाजू न मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. अशी मोकळीक दिली तर अफवा पसरतील, जातीजातींत तेढ माजेल, अशी भीती घालण्यात येते, आणि ती निराधार नाही. आफ्रिकेतील रुआंडा देशात १९९३ साली निघालेल्या एका केंद्राने लोकांच्या बोलीत, गाणी-गप्पांच्या ओघात, तुत्सी जमातीविरुद्ध विष पेरले. १९९४ च्या एप्रिलपासून शंभर दिवसांत त्या देशात सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. त्या केंद्रावरून माणसांची नावे व ठिकाणे सांगून मारेकऱ्यांना दिशा दाखविली जात होती. त्या केंद्राच्या संस्थापकांना आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ साली दोषी ठरविले. जिव्हाळ्याने बोलणारा आवाज प्राणही घेऊ शकतो, हे आपण विसरता कामा नये.

परंतु त्या उदाहरणाचा अर्थ नीट लावला पाहिजे. ते केंद्र गावाचे नव्हते. ते सत्तेच्या जवळ बसलेल्या मूठभरांचे होते. त्यांना उत्तर देणारा दुसरा तेवढाच जवळचा आवाज लोकांपाशी नव्हता. विहिरीत कोणी विष कालविले म्हणून गावाने विहिरी खणावयाच्या नाहीत, असे आपण म्हणत नाही. विहिरीवर पाळत ठेवावी, आणि विहिरी एकाहून अधिक असाव्यात, असे म्हणतो. खोटे बोलणाऱ्यास, द्वेष पसरविणाऱ्यास शिक्षा करणारे कायदे वृत्तपत्रांना जसे लागू आहेत तसेच नभोवाणीलाही लागू करता येतील. सारे गाव मुके ठेवणे हा त्यावरील उपाय नव्हे. शिवाय गाव मुके ठेवले म्हणून अफवा थांबतात असे कोठे आहे? खरी बातमी सांगणारे कोणी नसते तेव्हाच अफवेला पाय फुटतात.

आपण बेळगाव, गोवा, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी माणसे ह्या प्रश्नाकडे अधिक आस्थेने पाहावयास हवीत. महाराष्ट्राच्या मोठ्या केंद्रांना आपण दूरचे. आपल्या राज्याच्या राजधानीला आपली भाषा परकी. लहरींना मात्र सीमा नसते. माझ्या आजीच्या रेडिओवर सांगली, पणजी आणि धारवाड एकाच काट्यावर बोटभर अंतराने लागत; मराठी, कोकणी, कानडी ह्या तिन्ही भाषा तिच्या कानाला घरच्याच होत्या. आमच्या गल्लीतील मराठी, कानडी, कोकणी, उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्यांनी आपापल्या भाषेत एकाच केंद्रावरून पाण्याविषयी, शाळेविषयी, रस्त्याविषयी बोलावे, अशी कल्पना करून पाहा. राजधान्यांतून बोलणारे भांडण वाढवितात असे पुष्कळदा दिसते. एका नळावर पाणी भरणारी माणसे एकमेकांचे ऐकू लागली तर भांडणाला जागा कमीच उरेल.

शेवटी वर्गातील एक लहानशी गोष्ट सांगतो. मागे एकदा मी आठवीच्या मुलांना 'आपल्या गल्लीचे बातमीपत्र' लिहून आणावयास सांगितले. दिल्लीत काय चालले आहे, क्रिकेटमध्ये कोण जिंकले, हे मुलांना तोंडपाठ होते. गल्लीत काय झाले ते मात्र लिहिता येईना. एका मुलीने तेवढे शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना गाठून विचारले आणि लिहिले की, रस्ता रुंद करताना गल्लीतील नळकोंडाळे काढून टाकले. त्यामुळे त्या बाई आता दोन गल्ल्या ओलांडून घागर भरून आणतात. तिने ते वर्गात उभे राहून, रेडिओवर वाचतात तसे, सावकाश वाचले. त्याच गल्लीतील तीन मुले म्हणाली, "सर, हे आम्हांला माहीतच नव्हते." पुढे पालकांनी मिळून अर्ज केला. नळ अजून आलेला नाही. परंतु त्या बाईंची घागर आता ती तीन मुले आळीपाळीने आणून देतात.

श्रोतेहो, गावचा आवाज गावाला ऐकू गेला की पहिल्याप्रथम एवढेच होते. पण एवढे झाल्यावाचून पुढचे काहीच होत नाही. दीडशे गावांनी १९५६ मध्ये हे दाखविले, आंबोलीच्या रानातून हे ऐकू आले, माचनूरच्या बायकांनी दहा वर्षे वाट पाहून हे मिळविले. ऐकण्याचा परवाना आपण पिढ्यान्‌पिढ्या बाळगला. बोलण्याचा परवाना पुरता मिळेपर्यंत तो मागत राहणे आणि मिळाल्यावर तो जबाबदारीने वापरणे, ही दोन्ही कामे आता आपली आहेत.